सोन्याची सुई आणि उतरते आकडे

संधिवातावर सुया घेणाऱ्या आणि त्यापायी सारखं रक्त तपासायला जाणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण मराठी पाचवीपर्यंत, तेही मालवणकडच्या एका खेड्यात. पुढं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवता जुळवता जे वाचलं तेवढंच. तेव्हा यात औषधाची विद्या शोधू नका. कशाला घाबरायला हवं होतं आणि मी कशाला घाबरत बसलो, एवढंच यात आहे.

बोटं

निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतली उर्दू हळूहळू मागं पडली आणि उस्मानाबादेत मराठी छपाईचं काम वाढलं. मराठी खिळे जुळवणारी माणसं मात्र तिथं थोडी. आमच्या छापखान्याचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी ओळखीनं बाहेरून माणूस मागवला. तो मी. बरोबर माझी बायको सुशीला. समुद्राकाठची दोघं माणसं, ज्वारीच्या मुलखात येऊन राहिलो. गावातली जुनी मंडळी गावाला धाराशिवच म्हणायची, आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

कंपोझिटरचं सगळं पोट बोटांवर. डाव्या हातात पट्टी धरायची, उजव्या हातानं केसातल्या, म्हणजे खिळ्यांच्या लाकडी पेटीतल्या, घरांतून एकेक खिळा उचलून तिच्यात लावायचा. खिळ्याकडं बघायचं नसतं, बोटालाच घर माहीत असतं. तर एका थंडीत माझी बोटं सकाळी मिटलेलीच राहू लागली. कोमट पाण्यात धरली की अर्ध्यापाऊण तासानं उघडायची. मग उघडेनाशी झाली. मनगटं सुजली, पायांचे तळवे जमिनीला टेकवता येत नव्हते. हातातून खिळे खाली पडायला लागले.

"परब, खिळं पेरताय का काय?" अण्णा म्हणाले. "उगवायचे न्हाईत ते."

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली. हात गेले तर इथं आपलं काय काम? इथं ना जमीन, ना भाऊबंद. गावी परत जायचं, तर तिथं वल्हं मारायला आणि नांगर धरायलाही हातच लागतात. पुढं जे जे झालं त्यात माझ्या डोक्यात हात सोडून दुसरं काही नव्हतं, आणि खरा घोटाळा तिथंच झाला.

सोलापूर

धाराशिवच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सोलापूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून दाबली, पायांची दाबली, रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं, "हा वयानं येणारा वात नाही. तुमचं शरीरच तुमच्या सांध्यांवर उलटलं आहे."

मी विचारलं, "किती दिवसांत बरा होईन?"

ते म्हणाले, "बरं होणं आणि आटोक्यात राहणं वेगळं. आपण आटोक्यात ठेवू."

एवढं ऐकून मी बाहेर आलो. एस.टी.त कंडक्टरनं तिकिटं पुढं केली, ती मला चिमटीत धरता येईनात. सुशीलानं धरली. तुळजापूर आलं. देवळाकडं जाणारी माणसं गाडीतून उतरली तेव्हा ती म्हणाली, "आटोक्यात म्हणजे काय ता त्यांका इचारूक होया होता." मला तेही सुचलं नव्हतं.

इलाज ठरला तो सोन्याचा. खरोखरचं सोनं, क्षार करून सुईतून द्यायचं, आठवड्याला एक. सुई धाराशिवलाच घ्यायची. पण सोलापूरकरांची सक्त ताकीद होती, रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय सुई टोचायची नाही.

घरातला महाग माणूस

आमच्या आळीत ही गोष्ट लपून राहणं शक्य नव्हतं. शेजारी करीमाबी राहत, आम्ही त्यांना खाला म्हणत असू. पहिल्या सुईच्या दिवशी त्या खास मला बघायला आल्या.

"सोना टोचते म्हणे तुला, बेटा? कुठं टोचलं?"

कमरेच्या खाली टोचलं होतं. मी नुसतंच "मागं" म्हणालो.

"हाय अल्ला, बसतो आता त्याच्यावर," म्हणाल्या, आणि सुशीला पदर तोंडाला लावून आत पळाली.

छापखान्यात अण्णांनी नवं नाव ठेवलं, सोनेरी परब. हे हसणं मला बरं वाटे. नाहीतर आजारी माणसाशी लोक हळू आवाजात बोलायला लागतात.

तपासणीचं असं होतं. बोटं सुजलेली, म्हणून बोटाऐवजी कानाच्या पाळीला टोचून थेंब घ्यायचे. त्यातून रक्तातल्या पेशी मोजत. दंडातून थोडं रक्त घेऊन काचेच्या बारीक नळीत उभं करून ठेवत. तासाभरात तांबडा भाग किती खाली बसला ते बघायचं. अंगात सूज जास्त असली की रक्त भराभर खाली बसतं, आकडा मोठा येतो. माझा पहिला आकडा ऐंशीच्या पुढं होता. डॉक्टर म्हणाले, "हा कमी व्हायला पाहिजे." हे वाक्य मी पक्कं धरलं. घरी सांगितलं, खालांना सांगितलं, अण्णांना सांगितलं. आकडा कमी व्हायला पाहिजे.

दोनेक महिने काहीच फरक नव्हता. मग हळूहळू सकाळी बोटं लवकर उघडायला लागली. आकडा साठावर आला, मग चाळीसवर. एके दिवशी मी सदऱ्याची बटणं स्वतः लावली. सुशीला उंबऱ्यात उभी राहून बघत होती. त्या दिवशी तिनं खूप दिवसांनी सुक्या बांगड्याचं तिखलं केलं.

उष्णता

त्याच सुमाराला माझं तोंड आलं. जिभेच्या कडेला, ओठांच्या आत फोड. जेवताना झोंबायचं. कोपराच्या आत आणि पोटावर खाजही सुटली.

आता आपल्याकडं तोंड आलं की कोणी दवाखान्यात जात नाही. तोंड येतं ते उष्णतेनं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुशीला म्हणाली, "आंगात सोना गेला हा, तर उष्णता होतलीच." खाला म्हणाल्या, "सोना गरम असते. बाहेर पडतंय म्हणजे लागू पडलं समज." त्यांनी सब्जा भिजवून दिला, गुलकंद दिला, आणि तेलकट-आंबट खायचं नाही अशी तंबी दिली. मलाही ते पटलं. भट्टीतून धातू तापून निघतो तसं काहीतरी अंगात चाललं असेल असं वाटलं. उलट फोड आले म्हणून मनातून बरंच वाटलं.

दर सुईच्या वेळी डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?"

मी म्हणायचो, "काही नाही साहेब, लई आराम आहे."

हे खोटं नव्हतं. त्रास म्हणजे सांधे, असं मी समजत होतो. तोंडाची उष्णता ही काय दवाखान्यात सांगायची गोष्ट?

गुलाबजाम

पुढच्या एका सुईच्या दिवशी रक्त तपासणाऱ्यांनी कागद माझ्याच हातात दिला आणि दुपारी डॉक्टरांकडं या म्हणाले. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. छापखान्यात रोज जुळवायचे. तर नळीचा आकडा तीसच्या आत आला होता. आणि दुसरा एक मोठा आकडा, पांढऱ्या पेशींचा, जो आरंभी सात हजारांच्या घरात होता आणि मागल्या खेपेला पाच हजारांच्या आसपास, तोही उतरून तीन हजारांच्या खाली आलेला. सगळंच उतरलं होतं. ताप उतरावा तसं.

मी दवाखान्यातून तसाच छापखान्यात गेलो.

"अण्णा, सगळे आकडे खाली आले."

"सगळे?"

"सगळे."

"मंग आता गप बसायचं व्हय?" म्हणाले आणि हॉटेलातून गुलाबजाम मागवले. छपाईचं ट्रेडल यंत्र थांबवून सगळ्यांनी खाल्ले. मी अर्धा खाल्ला. पाक फोडांना असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. अण्णांना वाटलं आनंदानं आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मीही तसंच राहू दिलं.

दुपारी डॉक्टरांसमोर बसलो. सुई उकळून तयार होती. त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं. परत कागद.

"तोंड उघडा."

मी उघडलं. त्यांनी बॅटरी आत मारली.

"हे कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस. उष्णता आहे साहेब, सोन्याची. सब्जा चालू आहे."

"खाज?"

"आहे थोडी."

"ताप? घसा?"

"नाही."

त्यांनी सुई तबकात ठेवली आणि तबक बाजूला सरकवलं. "परब, आज सुई नाही."

"मग पुढच्या आठवड्यात?"

"बहुतेक परत कधीच नाही."

मला वाटलं मी काहीतरी बोललो त्याचा त्यांना राग आला. मी म्हणालो, साहेब, बोटं उघडायला लागली आहेत, आता बंद नका करू, तोंडाचं मी सोसतो. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "हा आकडा खाली आला, ते चांगलं. हा खाली आला, ते चांगलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरच्या रोगाशी लढतात. सोन्यानं त्या मारल्या आहेत. आज तुम्हाला साधा घसा धरला तरी तो जिवावर बेतू शकतो. घरी जायचं नाही. इथंच राहायचं."

कोपऱ्यातली खाट

मला वॉर्डाच्या टोकाला, खिडकीशी, इतरांपासून लांब खाट दिली. खोकणाऱ्या माणसानं जवळ यायचं नाही, पाणी उकळून, मिठाच्या पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. सकाळी कानाला टोचायचं. संध्याकाळी ताप बघायचा. ताप बघायला परिचारिका काचेची नळी जिभेखाली ठेवायची, तेव्हा माझं काळीज इतकं उडायचं की त्यानंच ताप येईल असं वाटे. ती नळी उजेडात धरून म्हणायची, "नाही." नुसतं "नाही." त्या एका शब्दावर माझी रात्र जायची. त्या बाईंचे उपकार मी कधी विसरणार नाही. कधी घाईत असल्या तरी तो शब्द सांगितल्याशिवाय पुढच्या खाटेकडं गेल्या नाहीत.

पलीकडं तेरखेड्याचे दगडूमामा होते. फटाक्यांत दारू भरताना हात भाजलेला. लांबूनच बोलायचे.

"पाव्हणं, तुमच्या अंगात सोनं, माझ्या अंगात दारू. दोघांनी बी जपून ऱ्हावं."

"मामा, तुमचा हात बरा होईल. माझे हात आत्ताशी बरे झाले होते."

"म्या म्हनतो, हात राहू द्या. तुमी का उगं ताप बघून घाबरताय अन् हाताचं रडताय? एक काय ते धरा."

ते चेष्टेनं म्हणाले होते, पण मी त्यावर विचार करत पडलो. पडल्या पडल्या मला ते आकडे माझ्या धंद्याच्या भाषेत कळले, आणि ज्यांना आकड्यांची भीती वाटते त्यांच्यासाठी तेच इथं लिहितो. नळीचा आकडा म्हणजे प्रूफातल्या चुका. प्रत्येक प्रूफाला त्या कमी झाल्या पाहिजेत. पांढऱ्या पेशी म्हणजे केसातले खिळे. ते कमी झाले म्हणून कोणी कंपोझिटर आनंदानं गुलाबजाम खात नाही. खिळे संपले तर चुका शून्य असल्या तरी पुढचा मजकूर जुळणार कशानं? दोन्ही आकडे एकाच कागदावर, एकाखाली एक. पण म्हणून दोन्हींना एकच मोजमाप लावायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "एवढं अजून जोडा. एकट्या आकड्यावर जाऊ नका. मागला किती होता ते बघा. पाचवर आला तेव्हाच मी तुमचं तोंड बघायला पाहिजे होतं, पण पाच हजार हे पुष्कळ चांगल्या माणसांचंही असतं. आणि तुम्ही म्हणालात, आराम आहे."

मोठ्या माणसानं माझ्याशी असं बोलावं याचं मला त्या खाटेवर रडू आलं.

वॉर्डातल्या पहिल्या तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा आणखी उतरला. सोनं अंगात साठून राहतं, सुई बंद केली तरी ते काही दिवस आपलं काम करतच राहतं. सुशीला दारातून बघायची, आत यायची नाही, कारण तिला सर्दी झाली होती. तिथूनच विचारायची, "वर की खाली?" मी बोट खाली करून दाखवायचो. ती मान हलवायची आणि डबा परिचारिकेकडं द्यायची. खालांनी मऊ खिचडी करून पाठवलेली असायची. सब्जा दिला याचं त्यांना इतकं लागलं होतं की त्या स्वतः आल्याच नाहीत. मी निरोप पाठवला, सब्जानं काही बिघडलं नाही, मी बोललो नाही त्यानं बिघडलं.

मग एका सकाळी आकडा खाली गेला नाही. तिथंच थांबला. पुढच्या खेपेला थोडा चढला, मग आणखी. मी खाटेवर उभा राहून दाराकडं बोट वर केलं. सुशीलानं तिथंच भिंतीला टेकून बसकण मारली.

निकाल

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरांना एकदा विचारलंच. "साहेब, आता पेशी वर आल्या. थोडंसं सोनं, अगदी थोडंसं, हळूहळू दिलं तर?"

ते म्हणाले, "काही ठिकाणी देतात. पण दुसऱ्या वेळी ते किती जोरानं खाली नेईल, कोणी सांगू शकत नाही. तुमच्या शरीराला ते सोसत नाही, हे एकदा कळलं. माझ्या हातानं मी देणार नाही. तुम्हाला सोलापूरला विचारायचं असेल तर चिठ्ठी देतो."

मी सुशीलाकडं बघितलं. तिची सर्दी गेली होती, ती प्रथमच खाटेशेजारी बसली होती. परक्या माणसासमोर ती मालवणी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"माका हात नको. माणूस होयो."

डॉक्टरांना मालवणी येत नव्हती, पण त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतलेला टाक खाली ठेवला.

तेव्हापासून सोनं बंद. साधी दुखण्याची गोळी, शेक, आणि दर थोड्या महिन्यांनी तपासणी. गोळीनंही पोटात आग झाली, शौचाला काळी झाली, तर ते सांगायचं, हे आता मी शिकलो आहे. "काही त्रास?" असं विचारलं की मी सांध्यांपासून सुरू करत नाही. डोक्यापासून पायापर्यंत जे जे नवीन असेल ते सांगतो. तोंड आलं, खाज सुटली, निळे डाग पडले, घसा धरला, सगळं. महत्त्वाचं आहे की नाही ते त्यांनी ठरवायचं. आपण घरात बसून उष्णता म्हणायचं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी अशी सुई घेत असेल, तर त्यानं निदान एवढं करावं, आणि मागला कागद फेकू नये.

छापखान्यात अण्णांनी मला बारीक खिळ्यांवरून काढलं. आता लग्नपत्रिका आणि भिंतीवरचे मोठे कागद जुळवतो, मोठ्या टायपात. काम हळू होतं. "परब, वराचं नाव जुळवस्तोवर नवरदेवाला पोरं व्हायची," असं अण्णा ऐकवतात, पण घड्याळ लावून उभे राहत नाहीत. याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे. परत जा असं ते म्हणाले नाहीत.

सोनं अंगातून उतरत गेलं तसा आजार परतला. मला ते आधीच सांगितलं होतं, तरी मन मानत नव्हतं. थंडी पडल्यावर एका सकाळी उठलो तर दोन्ही मुठी मिटलेल्या. सुशीला कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली, माझा हात त्यात धरून करंगळीपासून एकेक बोट उघडू लागली. मी नळीचा आकडा मनात जुळवत होतो. साठ असेल, सत्तर असेल.

मी म्हणालो, "सगळं परत आलं बघ."

ती माझ्या अंगठ्याशी झटत होती. वर न बघता म्हणाली, "तुमीय परत इलात."